लांडग्याच्या नांवाचा कुत्रा

उभ्या कानांचा, काळ्या पाठीचा आणि तांबूस पायांचा जो मोठा कुत्रा आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाआड दिसतो, त्याला आपण 'अल्सेशियन' म्हणतों. वास्तविक अल्सास प्रांताशीं त्याचा म्हणण्यासारखा कांहींच संबंध नाहीं. तो जर्मनीचा, आणि मायदेशीं त्याला 'शेफरहुंड' म्हणतात. या शब्दाचा सरळ मराठी अर्थ धनगराचा कुत्रा. एका धनगरी कुत्र्यानें परक्या प्रांताचें नांव कां धारण केलें, त्या नांवाला जोडलेल्या एका शब्दामुळें त्याच्यावर कसें किटाळ आलें, आणि तें धुऊन काढण्यास त्याला पाळणाऱ्या माणसांना किती वर्षें खपावें लागलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

आरंभ १८९९ सालच्या एप्रिल महिन्यांत होतो. कार्ल्सरूह येथें भरलेल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनांत माक्स फॉन स्टेफानिट्झ नांवाच्या एका घोडदळी अधिकाऱ्याच्या नजरेस करड्या रंगाचा, मध्यम बांध्याचा एक कुत्रा पडला. त्यानें तो विकत घेतला, त्याचें जुनें नांव बदलून 'होरांड' असें ठेविलें, आणि त्याच महिन्यांत या जातीच्या पाळणारांची एक संस्था काढून तिच्या वंशावळीच्या वहींत पहिल्या क्रमांकावर होरांडची नोंद केली. स्टेफानिट्झला केवळ रूपाचें वेड नव्हतें. जर्मनीच्या निरनिराळ्या भागांत धनगरांजवळ जीं कुत्रीं पिढ्यान् पिढ्या राबत होतीं, त्यांतून एक कामाची जात निपजवावी, हा त्याचा ध्यास होता.

तें काम कोणतें, हें थोडें समजून घेण्यासारखें आहे. तिकडील शेतांना कुंपणें नसत. एका अंगाला उभें पीक, दुसऱ्या अंगाला चराऊ पट्टा, आणि दोहोंच्या मध्यें नांगराचें एक तास. शेंकडों मेंढ्या त्या पट्ट्यांत चरत, आणि कुत्रा दिवसभर त्या तासावरून येरझारा घालीत असे. तो म्हणजे एक चालतें कुंपणच. एखादी मेंढी पिकांत शिरलीच तर तिला दांतांनीं धरावयाचें. परंतु तें मानेला, बरगडीवर किंवा मांडीला, आणि कातडीला जखम न होईल अशा बेतानें. ज्याच्या दांतांनीं मेंढीचें रक्त निघालें तो कुत्रा धनगराच्या उपयोगाचा नव्हे. अंगीं बळ असून तें आंवरून धरणें, हा या जातीचा मूळ धर्म. पुढची हकीकत ऐकतांना श्रोत्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत असूं द्यावी.

जर्मनींत मेंढपाळी हळूहळू मागें पडत चालली होती. धनगराचें काम संपलें कीं कुत्र्याचेंही संपणार, हें ओळखून स्टेफानिट्झनें पोलिसांचे व लष्कराचे उंबरठे झिजविले. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां हे कुत्रे खंदकांतून निरोप नेऊं लागले, पडलेले जखमी शिपाई हुडकून काढूं लागले. समोरच्या बाजूच्या इंग्रज, फ्रेंच व अमेरिकन शिपायांनीं त्यांना पाहिलें, आणि शत्रूच्या या एका चिजेवर तरी ते लुब्ध झाले. युद्ध संपल्यावर कित्येकांनीं पिलें आपल्या देशीं नेलीं.

अडचण आली ती नांवाची. त्या वेळच्या इंग्लंडांत जर्मन शब्द उच्चारण्याची सोय राहिली नव्हती. लांबट अंगाच्या, आंखूड पायांच्या बिचाऱ्या डाक्सहुंड कुत्र्यांना लोक रस्त्यांत लाथा मारीत. १९१७ सालीं खुद्द राजघराण्यानें आपलें जर्मन कुलनाम टाकून 'विंडसर' हें नांव घेतलें, आणि बाटेनबर्ग घराणें एका रात्रींत 'माउंटबॅटन' झालें. आपल्या देशाचे शेवटचे व्हाइसरॉय त्याच घराण्यांतले. आडनांव बदललें तेव्हां ते सतरा वर्षांचे होते. जेथें राजकुळांची ही अवस्था तेथें कुत्र्याची काय कथा! १९१९ सालीं इंग्लंडच्या केनेल क्लबनें ही जात नोंदवून घेतली ती 'अल्सेशियन वुल्फ डॉग', म्हणजे अल्सासचा लांडगा-कुत्रा, या नांवानें. अल्सास प्रांत नुकताच जर्मनीच्या हातून फ्रान्सकडे परत आलेला होता. त्यामुळें तें नांव इंग्रजांच्या कानाला गोड लागलें असावें.

'अल्सेशियन' या शब्दानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. घोटाळा केला तो 'लांडगा' या दुसऱ्या शब्दानें. हा शब्द मोठा खपाऊ होता. लांडग्याचें रूप आणि माणसाची चाकरी, अशी दुहेरी मोहिनी त्यांत होती. आणि पिलें विकणारांना ती पुरेपूर ठाऊक होती. पहिल्या वर्षीं इंग्लंडांत जेमतेम ५४ कुत्र्यांची नोंद झाली होती. १९२६ सालीं तो आंकडा आठ हजारांवर गेला. अमेरिकेंत चित्रपटांनीं तेंच केलें. ली डंकन या अमेरिकन शिपायाला १९१८ सालीं फ्रान्समध्यें एका उद्ध्वस्त कुत्रेखान्यांत सांपडलेलें पिलूं पुढें 'रिन टिन टिन' या नांवानें जगभर गाजलें. आणि १९२५ सालच्या एका बोलपटापूर्वींच्या चित्रांत त्याला चक्क लांडग्यांच्या कळपाच्या म्होरक्याची भूमिका देण्यांत आली. लोक पैसे देऊन लांडगा पाहावयास जात. घरीं परततांना मात्र शेजाऱ्याच्या फाटकापाशीं त्यांचीं पावलें अडखळत.

शास्त्राची साक्ष काय आहे, तेंही येथेंच सांगून टाकतों. कुत्रा म्हणून जो जो प्राणी आहे तो लांडग्याच्याच कुळांतला. त्यांत नवल नाहीं. २००४ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ८५ जातींच्या कुत्र्यांचीं अनुवंशद्रव्यें तपासून पाहिलीं, तेव्हां लांडग्याला अधिक जवळचा असा जो गट निघाला, त्यांत चाऊ, अकिता, बसेनजी यांच्या जोडीला पेकिनीज आणि ल्हासा आप्सो हेही निघाले. म्हणजे चिनी राजस्त्रिया ज्याला अंगरख्याच्या बाहींत घालून हिंडत असें सांगतात, तो चपट्या नाकाचा पेकिनीज लांडग्याचा निकटचा आप्त, आणि जर्मन मेंढपाळ कुत्रा त्या मानानें दूरचा! दुसराही एक पुरावा आहे. हॉलंडांत लीन्डर्ट सार्लोस नांवाच्या गृहस्थानें १९३० नंतरच्या दशकांत याच जातीचा कुत्रा आणि खरीखुरी लांडगी यांचा संकर करून अधिक कणखर कामकरी कुत्रा निर्माण करण्याचा खटाटोप केला. निपज झाली ती बुजरी. अनोळखी माणूस दिसतांच अंगावर जाण्याऐवजीं मागें सरकणारी. लांडग्याचें रक्त मिसळल्यानें काय होतें, याविषयींची लोकांची कल्पना आणि प्रत्यक्ष अनुभव यांत इतकें अंतर आहे.

परंतु शब्दाचा पराक्रम पाहावयाचा तर ऑस्ट्रेलियांत गेलें पाहिजे.

ऑस्ट्रेलियांत त्या काळीं सुमारें दहा कोटी मेंढ्या होत्या. त्या देशाचें वैभव लोंकरीवर उभें होतें, आणि त्या लोंकरीचा वैरी होता डिंगो, म्हणजे तेथला रानकुत्रा. डिंगोचा उपद्रव हा कांहीं कल्पनेचा खेळ नव्हता. एका रात्रींत कित्येक मेंढ्या फाडून टाकाव्या आणि खावी एखादीच, अशी त्याची रीत. त्याला अडविण्यासाठीं मेंढपाळांनीं व सरकारांनीं मैलच्या मैल कुंपणें घातलीं. त्यांतून जें एकसंध कुंपण पुढें सिद्ध झालें तें आजही साडेपांच हजार किलोमीटरांहून लांब आहे. अशा देशांत १९२० नंतर हे कुत्रे येऊं लागले, आणि तेही 'लांडगा-कुत्रा' या बिरुदासह. मेंढ्यांच्या मालकांच्या मनांत काय आलें असेल तें सांगावयास नको. हा लांडगा डिंगोशीं संकर करील, आणि डिंगोची क्रूरता, लांडग्याचें बळ व कुत्र्याची हुशारी एकवटलेला एखादा राक्षस रानांत फैलावेल, असें भविष्य सभांतून आणि वर्तमानपत्रांतून वर्तविलें जाऊं लागलें. त्या मेंढपाळांना मी मूर्ख म्हणणार नाहीं. ज्यानें सकाळीं उठून आपला कळप फाडलेला पाहिला आहे, त्याला 'लांडगा' हा शब्द दाखवून शांत राहा म्हणणें व्यर्थ आहे. दोष द्यावयाचा तर ज्यांनीं पिलांची किंमत वाढविण्यासाठीं तो शब्द वापरला त्यांना द्यावा.

१९२९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती सरकारनें या जातीच्या आयातीस बंदी केली. ती बंदी पुढें लांबतच गेली. त्याच वर्षीं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कायदेमंडळानें खास अल्सेशियन कुत्र्यांसाठीं म्हणून एक कायदा केला, आणि त्या प्रांतांतील या जातीचा प्रत्येक कुत्रा प्रजोत्पादनास असमर्थ करून घेणें मालकावर बंधनकारक ठरविलें. दक्षिण ऑस्ट्रेलियानें १९३४ सालीं आपला निराळा कायदा केला. त्यानें कांगारू बेटासारख्या भागांतून या जातीला हद्दपारच केलें. अमुक कुत्र्यानें अमुक अपराध केला, त्याबद्दल त्याला ही शिक्षा, असें या कायद्यांचें स्वरूप नव्हतें. मोकाट सुटलेला कोणत्याही जातीचा कुत्रा मेंढ्या मारतो, हें प्रत्येक मेंढपाळास ठाऊक होतें. पण येथें अपराध जन्माचा होता. ज्याच्या घरीं पोरांबरोबर खेळणारी शांत कुत्री असेल, त्यालाही तिला वैद्याकडे नेणें भाग होतें, कारण तिच्या पोटीं काय येईल तें कायद्यानें आधींच ठरवून टाकलें होतें.

आतां याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोंकाला काय चाललें होतें तें पाहा. महायुद्धांत विषारी वायूनें व गोळ्यांनीं आंधळे झालेले शिपाई जर्मनींत हजारों होते. १९१६ सालीं ओल्डेनबुर्ग येथें डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनीं अशा अंधांस वाट दाखविणारे कुत्रे शिकवून तयार करण्याची जगांतली पहिली शाळा काढली. शिकविण्यांत आले ते मुख्यत्वें हेच मेंढपाळ कुत्रे. डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाई स्वित्झर्लंडांत याच जातीची पैदास करीत असत. त्यांनीं हें काम पाहून १९२७ च्या नोव्हेंबरांत एका अमेरिकन साप्ताहिकांत त्याची हकीकत लिहिली. ती वाचवून घेऊन नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक नांवाचा एक अंध तरुण थेट स्वित्झर्लंडास गेला, आणि १९२८ सालीं 'बडी' नांवाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कच्या गाड्याघोड्यांच्या गर्दींतून ती त्याला सुखरूप पार घेऊन गेली. १९२९ च्या जानेवारींत अमेरिकेंतील अशा कुत्र्यांची पहिली संस्था स्थापन झाली. म्हणजे ज्या वर्षीं पर्थच्या कायदेमंडळानें या जातीचा वंश खुंटविण्याचें ठरविलें, त्याच वर्षीं नॅशव्हिलमध्यें तिच्या हातीं आंधळ्या माणसांचे प्राण सोंपविण्यांत आले.

इंग्लंडांत हें काम उभें केलें तें म्युरिएल क्रूक आणि रोझामंड बाँड या दोन बायांनीं. दोघीही अल्सेशियनच्या भोक्त्या. आपल्या कुत्र्यांकडे लोक कोणत्या नजरेनें पाहतात, याचा त्यांना पुरा अनुभव होता. त्यांनीं वाद घातला नाहीं. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी गांवीं मोटार ठेवण्याची एक खोली भाड्यानें घेतली, आणि युस्टिसबाईंकडून एक शिक्षक मागवून घेऊन काम सुरू केलें. १९३१ च्या ऑक्टोबरांत ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या चार कुत्र्या चार अंध पुरुषांबरोबर रस्त्यावर उतरल्या. गंमत अशी कीं, आतां उलट बाजूनेंही आक्षेप आला: मुक्या जनावराला असें जुंपणें हा त्याच्यावर जुलूम आहे, असें कांहीं प्राणिमित्र म्हणूं लागले. कालपर्यंत ज्याच्यापासून माणसांना वांचवावयाचें होतें, त्यालाच आज माणसांपासून वांचविण्याची चिंता पडली!

दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडूं लागले तेव्हां ढिगाऱ्याखालीं गाडलेल्या माणसांचा माग काढण्यासाठीं मार्गारेट ग्रिफिन या बाई आपल्या अल्सेशियन कुत्र्या घेऊन जात. त्यांतली इर्मा हिची गोष्ट तिकडे अजून सांगतात. एका पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यापासून ती हलेना. वाट पाहणारे थकले, पण ती तेथेंच अडून राहिली. आणि अखेर त्या जागीं दोन मुली जिवंत निघाल्या. इर्मा आणि 'जेट' या दोघांनाही १९४५ सालीं डिकिन पदक मिळालें. जनावरांच्या शौर्यासाठीं हें पदक मारिया डिकिन यांनीं १९४३ सालीं सुरू केलें होतें. जेटची आणखी एक हकीकत आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं, ज्या दिवशीं आपल्याकडे स्वातंत्र्याचा उत्सव चालला होता त्याच दिवशीं, इंग्लंडांतील व्हाइटहेवन येथें कोळशाच्या एका खाणींत स्फोट होऊन १०४ माणसें दगावलीं. शोधकार्यासाठीं जेटला खाणींत उतरविलें. दरड कोसळण्यापूर्वीं त्यानें आपल्या वागण्यानें इशारा दिला, आणि त्याच्या मागून चाललेली माणसें वांचलीं.

इतकें सांगितल्यावर दुसरी बाजू लपविणें योग्य होणार नाहीं. बळ आंवरून धरणारा कुत्रा, तें सोडावयास शिकविलें तर सोडतोही. नाझींच्या छळछावण्यांत कैद्यांवर पहारा करणाऱ्या कुत्र्यांत ही जात होती, आणि त्यांना काय शिकविलें होतें तें जगाला माहीत आहे. १९६३ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील बर्मिंगहॅम शहरांत समान हक्कांसाठीं निघालेल्या कृष्णवर्णीय तरुणांवर व मुलांवर पोलिसांनीं हेच कुत्रे सोडले. तीं छायाचित्रें सर्व जगानें पाहिलीं. ज्याच्या अंगावर असा कुत्रा घातला गेला आहे, त्याच्या भीतीला पूर्वग्रह म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. शिवाय १९२० नंतर मागणी इतकी वाढली होती कीं, स्वभाव न पाहतां नुसत्या रूपावर पिलें निपजविणारे पुष्कळ निघाले, आणि भित्रट कुत्र्यांची निपज झाली. भित्रा कुत्रा हाच बहुधा चावतो. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर तें दुखणें लहान नसतें. जो हा कुत्रा पाळतो त्यानें तें क्षणभरही विसरतां कामा नये.

माझ्या घरीं या जातीची एक कुत्री अकरा वर्षें होती. तेवढ्या अनुभवावरून सांगतों कीं, लोकांची भीति कानांपासून सुरू होते. कान उभे, तोंड निमुळतें, चाल खालच्या अंगाची. एवढ्यावरून लोक निवाडा करून मोकळे होतात. दूधवाला फाटकाबाहेरूनच आरोळी देई. आळींतल्या आया पोरांना ओढून पलीकडच्या कडेला जात. त्याच आळींत लोंबत्या कानांचा एक लठ्ठ कुत्रा होता; त्यानें दोघांना चावून घेतलें होतें, तरी त्याच्या पाठीवरून सर्वजण हात फिरवीत. अशा कुत्र्याच्या मालकाला एक निराळीच शिस्त अंगीं बाणवून घ्यावी लागते. दोरी आंखूड धरावयाची, समोरून कोणी आलें कीं आपणच बाजूला व्हावयाचें, दुसऱ्याच्या कुत्र्यानें केलेला दंगा हंसण्यावारी जातो पण आपल्याचें नुसतें गुरगुरणें गांवभर होतें हें धरून चालावयाचें. हें सारें न्याय्य नसेल. परंतु समोरच्या बाईच्या मनांतली धडधड खरी असते, आणि तिच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नसतो. महिने दोन महिने रोज त्याच वेळीं तीच शांत कुत्री तिला दिसली, म्हणजे ती बाई आपण होऊन नांव विचारते.

ऑस्ट्रेलियांतल्या पाळणारांना महिने नव्हे, वर्षें लागलीं. बंदीपूर्वीं आलेल्या थोड्या कुत्र्यांच्याच संततीवर त्यांनीं जात जगविली. १९५० सालीं अरनॉल्ड कुक नांवाचे एक अंध अध्यापक इंग्लंडहून पर्थला परतले ते 'ड्रीना' नांवाची कुत्री घेऊन. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरचा हा पहिला वाटाड्या कुत्रा. ड्रीना काळी लॅब्रॅडॉर होती. ती वॉलसीच्या ज्युडीसारखी असती, तर कायद्यानें तिला बंदरावरच अडविलें असतें. अखेर १९७२ सालीं आयातबंदी चांचणीदाखल उठविली गेली, आणि १९७४ सालीं कायमची. तेव्हां बंदीला पंचेचाळीस वर्षें झालीं होतीं. ज्या संकरित राक्षसाचें भाकीत वर्तविलें होतें त्याचें काय झालें? २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अनुवंशशास्त्रीय अभ्यासांत ऑस्ट्रेलियाच्या रानांतील तपासलेल्या कुत्र्यांपैकीं बहुसंख्य शुद्ध डिंगोच निघाले. इंग्लंडांत 'लांडगा' हा शब्द तर पहिल्या कांहीं वर्षांतच गळून पडला होता. १९७७ सालीं केनेल क्लबनें 'जर्मन मेंढपाळ' हें खरें नांव पुन्हां दिलें, अल्सासचें नांव कंसांत ठेवून. आणि २०१० सालीं तो कंसही काढून टाकला.

आपल्या देशांत हा प्रश्न अगदीं अलीकडे निराळ्या जातींच्या निमित्तानें उभा राहिला. १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें राज्यांना एक पत्र धाडून तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करावी, आणि जीं घरोघरीं पाळलेलीं आहेत तीं प्रजोत्पादनास असमर्थ करून घ्यावीं, असें कळविलें. पर्थच्या १९२९ सालच्या कायद्यांतलेंच हें कलम. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें पुढच्याच महिन्यांत, संबंधितांचें म्हणणें ऐकून घेतलें नाहीं या कारणावरून, तें पत्र रद्द केलें. त्या यादींत कॉकेशस, मध्य आशिया आणि बाल्कन या प्रदेशांतल्या, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या कांहीं जाती आहेत. एका ठिकाणीं 'लांडगा-कुत्रे' अशीही नोंद आहे. जर्मन मेंढपाळ कुत्र्याचें नांव त्या यादींत कोठेंच नाहीं.